तोंडाला फडकं बांधलं म्हणजे मास्क झाला नाही



दसरा जवळ आला. मुकादमाची मोटारसायकल वाड्यावाड्यांतून फिरायला लागली. कोणी बयाणा घेतलाही असेल. यंदाही बरीच घरं घाटावर जाणार, त्यातली काही सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला. गावाचं नाव विटा, आणि आपली माणसं तिथं थापतात त्याही विटाच. बाकीची माळावरची वेडी बाभूळ तोडून कोळशाच्या भट्ट्या लावतात. 2006 चा वनहक्क कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या कितीतरी दाव्यांचा निकाल नाही. ज्यांचा लागला, त्यांना कसतात त्यापेक्षा कमी जमीन मिळाली. म्हणून जावं लागतं. जाऊ नका म्हणून पोट भरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गेल्यावर आपला दम कसा जपायचा, हे तरी बोलू.

यंदा पावसाआधी परत आलेल्यांत चार-पाच जण खोकतच गाडीतून उतरले. त्यातल्या एकाला मागच्या वर्षी टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या. सहा महिने खाल्ल्या, खोकला होता तिथंच. काम काय करतोस, हे त्याला दवाखान्यात कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. तो दोन हंगाम कोळसा चाळून गोणी भरत होता. तोंडाला गमछा बांधायचा, तरी संध्याकाळी थुंकी काळी यायची. गमछा असून थुंकी काळी कशी, हे आपण तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

डोळ्याला दिसते ती धूळ नाकात-घशात अडकते. दिसत नाही ती बारीक धूळ थेट फुफ्फुसात जाऊन बसते. फडक्याच्या विणीतून ती आरामात जाते. करोनात वाटलेले कापडी आणि निळे सैल मास्क पण या कामाचे नाहीत. धुळीचा मास्क वेगळा असतो. लोक त्याला एन-95 म्हणतात, कारण त्याचं कापड अगदी बारीक कणांतले शंभरातले निदान 95 अडवतं. आपल्या देशातल्या मास्कवर आयएस 9473 आणि एफएफपी-2 असं छापलेलं असतं. ते बघूनच घ्या.

पण चांगला मास्क मिळाला तरी गाल आणि मास्क यांच्यात फट राहिली तर सगळं वाया. बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की खाचरातलं पाणी कुठून जातं, ते आपल्याला सांगायला नको. हवेचं तसंच.

म्हणून घालायची रीत नीट बघा. हात धुवा. मास्कची पत्र्याची पट्टी नाकाकडे वर धरा. आधी हनुवटी आत घ्या, मग नाक. वरचा पट्टा डोक्याच्या मागं उंचावर, खालचा कानाखालून मानेवर. दोन्हींची फुली होऊ देऊ नका. बायांनी पट्टा आधी लावायचा, पदर त्याच्यावरून घ्यायचा. मग दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टी नाकावर दाबत गालाकडे न्या. एका हातानं चिमटा काढला तर मधे फट राहते.

आता तपासा. दोन्ही तळहात मास्कवर ठेवा, जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी परत दाबा. गालाकडून लागला तर पट्टे ओढा. मग श्वास आत घ्या, मास्क तोंडाकडे ओढला गेला पाहिजे. घालताना दर वेळी हे करायचं. दाढी वाढलेली असेल तर मास्क बसतच नाही, तेवढी काढा. मास्क धुवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. ओला झाला, फाटला, दम घ्यायला जड जायला लागला की नवा मागा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा मास्क धुळीचा आहे, वायूचा नाही. भट्टीच्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला वास नाही, तो याच्यातून सरळ आत जातो. भट्टी उघडताना वारा पाठीवर घ्या. थंडीत पेटते कोळसे खोपीत घेऊन झोपू नका. विट्याचे गलाईवाले सोनं गाळतात, त्या तेजाबाच्या धुरालाही हा मास्क चालत नाही. विट्याच्या शेजारीच, कडेगाव तालुक्यात शाळगावला 2024 च्या नोव्हेंबरात रसायनाच्या कारखान्यात वायू सुटला आणि तीन माणसं गेली. वायू सुटला की मास्क शोधत बसायचं नाही, वाऱ्याच्या आडव्या बाजूला पळायचं.

आता मालकाबद्दल. मास्क देणं हे त्याचं काम आहे, उपकार नाहीत. आणि मास्क शेवटी येतो. आधी राखेवर, कोळशावर पाणी मारा, चाळणी वाऱ्याच्या तोंडी लावू नका, पोरांना तिथं फिरकू देऊ नका. पाण्याचा टँकर महाग पडतो म्हणून मालक आपली फुफ्फुसं वापरतो.

अलिराजपूर, झाबुआ, धारचे आपले आदिवासी भाऊ गुजरातेत गोध्र्याकडे गारेचा दगड दळायच्या कारखान्यांत गेले. दगडाची धूळ छातीत घेऊन परत आले आणि गावोगाव मेले. टीबी, टीबी म्हणत गेले, तो सिलिकोसिस होता. लोकांनी गावागावांत याद्या केल्या, कोर्टात लढले. 2016 साली सुप्रीम कोर्टानं 238 मेलेल्यांच्या घरांना 3-3 लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. पैसे मिळाले, माणसं नाही. पण याद्या नसत्या तर तेही नाही.

म्हणून यंदा असं करू. बयाणा घेतानाच मुकादमाला चारचौघांत विचारा, मास्क किती देणार, पाणी मारणार का. वाडीच्या वहीत लिहून ठेवा कोण कुठं, कोणत्या मालकाकडे, कोणत्या कामाला गेला. परत आल्यावर खोकला असेल तर डॉक्टरला आधी काम सांगा, मग दुखणं. वाडीच्या बैठकीत एक मास्क आणा आणि सगळ्यांनी घालून बघा, पोरींनी म्हाताऱ्यांना शिकवा.

जमीन मिळवायची लढाई लांबची आहे. ती लढायला छातीत दम पाहिजे.

जिंदाबाद!