शब्दपारख : भव्यतेचे माप

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या हळदीच्या पेढीची कल्पना करावी. पेढीला ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. साताऱ्याचे व्याही, गावोगावचे अडते आणि परदेशातील दोन-तीन खरेदीदार यांना निमंत्रणपत्रिका जायची आहे. मराठी मजकूर वडीलधाऱ्यांनी लिहिला. इंग्रजीचे काम नातवाकडे आले. पेढीच्या संस्थापक आजोबांविषयी त्याने मोठ्या भक्तिभावाने लिहिले की, त्यांची दृष्टी ‘ग्रँडिओज’ होती. ‘ग्रँड’ हा शब्द त्याला फारच रोजचा वाटला. जो शब्द लांब तो अधिक थोर, असा त्याचा समज. पत्रिका छापली गेली, वाटली गेली. घरात कोणालाच काही खटकले नाही. परदेशातील खरेदीदार मात्र ते वाक्य वाचून क्षणभर थबकेल. कारण त्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो की, आजोबांचे बेत अवास्तव, ऐपतीबाहेरचे आणि काहीसे हास्यास्पद होते. ज्यांनी जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, त्यांच्यावर नातवाने नकळत बडेजावाचा ठपका ठेवला!

हा प्रसंग कल्पित असला, तरी चूक कल्पित नाही. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचा मजकूर, परगावच्या व्यापाऱ्याला पाठवलेले पत्र अशा अनेक ठिकाणी ती भेटते. मराठीत आपण ‘भव्य’ या एकाच शब्दावर सारा कारभार चालवतो. उद्घाटन भव्य, मंडप भव्य, सेलही भव्य! इंग्रजीने मात्र या एका खात्याची अनेक पोटखाती पाडली आहेत, आणि एका खात्याची रक्कम दुसऱ्यात जमा केली की हिशेब चुकतो.

पहिले खाते पाहणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाचे. ‘इम्प्रेस’ याचा मूळ अर्थ दाबून ठसा उमटवणे. मराठीतही आपण ‘मनावर ठसा उमटला’ असेच म्हणतो. म्हणून ‘इम्प्रेसिव्ह’ हा सर्वांत सुरक्षित शब्द. कृष्णेवरचा १९२९ सालचा दगडी कमानींचा आयर्विन पूल इम्प्रेसिव्ह आहे, मुलाचा निकालही इम्प्रेसिव्ह असू शकतो. ‘इम्पोझिंग’ त्याचा सख्खा शेजारी भासतो, पण त्याचा स्वभाव वेगळा. ‘इम्पोज’ म्हणजे वर ठेवणे, लादणे. कर आणि दंड इम्पोज होतात, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. साताऱ्याच्या राजवाडा परिसरातून अजिंक्यताऱ्याकडे पाहावे. शहराच्या डोक्यावर उभा असलेला तो किल्ला पाहणाऱ्यावर दडपण आणतो. तो इम्पोझिंग होय. मात्र पाहुण्यांसाठी दार सदैव उघडे असलेल्या घराला हे विशेषण लावू नये, आणि सासूबाईंना तर मुळीच लावू नये.

दुसरे खाते दर्जाचे. ‘स्टेटली’ या शब्दातील ‘स्टेट’ म्हणजे केवळ राज्य नव्हे, तर इतमाम. सांगलीचे गणपती मंदिर पटवर्धनांच्या संस्थानकाळातील. त्याच्या काळ्या दगडाच्या शांत, रेखीव बांधणीला हा शब्द शोभतो. ‘मॅजेस्टिक’ त्याहून वरचा, राजाच्या पदाशी नाते सांगणारा. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा दरीत कोसळतो, तो मॅजेस्टिक. ‘ऑगस्ट’ हा शब्द मात्र इमारतीला सहसा लावत नाहीत. तो वंदनीय व्यक्तीसाठी किंवा सभेसाठी. महिन्याच्या नावात जोर पहिल्या अवयवावर येतो, या विशेषणात दुसऱ्यावर, एवढे भाषण करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरे खाते खर्चाचे, आणि येथे व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘सम्प्च्युअस’ हा शब्द खर्च या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. पंगतीत पाचपक्वान्ने असतील तर ते भोजन सम्प्च्युअस. ‘लॅव्हिश’ जुन्या फ्रेंच भाषेतील मुसळधार पावसाच्या शब्दावरून आला. पाऊस कोठे पडावा याचा विचार करत नाही, तसाच हा हात सैल सोडलेला खर्च. म्हणून त्यात कौतुकाबरोबर नापसंतीची छटाही डोकावते. ‘मॅग्निफिसंट’ म्हणजे अक्षरशः मोठे कार्य करणारा. आज तो शब्द कासच्या पठारावरील फुलांच्या बहरालाही लावतात, आणि तो तेथे शोभतो. पण मुळात तो माणसाच्या गुणाचा शब्द आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात या गुणाला स्वतंत्र स्थान दिले. मोठा खर्च, पण योग्य कार्यासाठी आणि योग्य प्रमाणात, असा तो गुण. एका बाजूला कृपणता, दुसऱ्या बाजूला भपका, आणि मधोमध औचित्य. त्याच्या ग्रीक नावातच मोठेपणा आणि शोभून दिसणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत.

चौथे खाते सरळ दोषाचे. ‘ग्रँडिओज’ म्हणजे मोठेपणाचा आव. मानसोपचारात स्वतःच्या थोरवीच्या भ्रमालाही हेच विशेषण लावतात. ‘पॉम्पस’ हा असाच फसवा. त्याचे मूळ मिरवणूक या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ‘पॉम्प’ म्हणजे थाटमाट. वरघोडा पॉम्पने निघाला, असे लिहिण्यास हरकत नाही. पण वरघोडा पॉम्पस होता, असे लिहिले की सारा संघ दिखाऊ ठरला! एका प्रत्ययाने स्तुतीची निंदा होते.

आता आपल्या ‘भव्य’ या शब्दाकडे वळावे. संस्कृत ‘भू’ म्हणजे होणे, या धातूपासून तो आला. जैन परंपरेत भव्य जीव म्हणजे आकाराने मोठा जीव नव्हे, तर मोक्षाची पात्रता असलेला जीव. प्रवचनात हा शब्द ऐकणारेच आपण, पण दुकानाच्या पाटीवर त्याला मंडपाच्या लांबी-रुंदीपुरता उरवतो. भव्यतेचे मूळ माप आकार नसून योग्यता आहे, आणि ॲरिस्टॉटलही दुसऱ्या वाटेने तेथेच पोहोचला होता.

सातारा-सांगलीच्या माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या घरात खादी होती, थाट नव्हता; लॅव्हिश किंवा सम्प्च्युअस असे तेथे काहीही नव्हते. पण खर्च आणि कार्य यांचा मेळ हीच कसोटी असेल, तर ‘मॅग्निफिसंट’ या शब्दाचा त्याहून शुद्ध उपयोग सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. गोमटेश्वराची ५७ फुटांची मूर्ती इ.स. ९८१ च्या सुमारास घडली. तिच्या पायाशी प्रसिद्ध मराठी शिलालेख आहे. चावुंडरायाने ही करविली, असे तो सांगतो. मूर्तीला एकही विशेषण नाही. जेथे वस्तू स्वतः बोलते, तेथे शब्दाने मागे उभे राहावे.

मग नातवाने काय लिहावे? लेखणी उचलण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न विचारावेत. मोठेपणा कशाचा आहे, आकाराचा, दर्जाचा की कार्याचा? शब्दात कोठे दोषाची छटा दडली आहे काय? आणि विशेषण काढून टाकले तर वाक्य उणे होते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. हरिपूरच्या पेवांचे तोंड जमिनीवर दिसते न दिसते एवढेच असे, आणि माल सारा पोटात. आजोबांनी पेढी कोणत्या साली उघडली, पहिला माल कोणाला विकला, पडत्या बाजारातही दिलेला शब्द कसा पाळला, एवढे साध्या इंग्रजीत लिहिले तरी पुरे. ते वाचून खरेदीदाराच्या मनात जो शब्द उमटेल, तो नातवाला शोधून सापडला नसता.