शेजारचं गाजर गवत

मुलांनो, आपल्या नागपुरात नव्या लेआउटमध्ये एक घर अन् शेजारी रिकामा प्लॉट, असं गल्लोगल्ली दिसतं. तुम्ही अंगणात हौसेनं हरळी लावता. पावसाच्या सरी पडल्या, की त्या प्लॉटवर गाजरासारखी पानं डोलू लागतात अन् बघता बघता कुंपणाच्या आत येतात!

नावात गवत असलं, तरी हे गवत नव्हेच बरं का. सूर्यफुलाच्या कुळातलं हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं. एका झाडाला हजारो बिया! त्या वाऱ्यानं, पाण्यानं पसरतात. म्हणजे पलीकडचं फुललं, की तुमची मेहनत वाया.

तेव्हा भांडू नका. प्लॉटवाल्या काकांना विचारा. मोठ्यांना सोबत घेऊन, फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे नसतील तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. मी एकदा तसंच उपटलं अन् आठवडाभर मनगट खाजवत फळ्यावर लिहीत होते! दमा असेल त्यानं तर जवळही जाऊ नये.

मोकळ्या जागी तरोटा येऊ द्या. हो, आपण भाजी खातो तोच! तो दाट वाढला, की गाजर गवताला दाबून टाकतो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या वाळल्या शेंगा जमवा अन् पुढच्या पावसाआधी बी टाका.

पानांवर काळ्या नागमोडी रेघांचे भुंगे दिसले, तर मारू नका. हे गवत खाण्यासाठीच ते १९८३ साली मेक्सिकोहून आणलेत. उपटण्याआधी त्यांना दुसऱ्या झाडावर झटकून द्या.