त्वचेचा बाण कुठे जातो?

भोपाळमधल्या एम. पी. नगरच्या झोन वनमध्ये काय आणि झोन टूमध्ये काय, नीटच्या वर्गात बेडकाचे हृदय दोन मिनिटांत उरकते. तीन कप्पे, एकच निलय, त्यात मिसळलेले रक्त, म्हणून अभिसरण अपूर्ण. पुढची स्लाइड माणसाची. प्रश्न आलाच तर एवढ्यावर चार गुण पदरात पडतात, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. आमची आहे.

एनसीईआरटीचे अकरावीचे पुस्तक उभयचर आणि सरीसृप यांना एकाच वाक्यात गुंडाळते. कल्ले, फुप्फुसे किंवा त्वचा यांतून येणारे ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात जाते, असे ते सांगते. बेडकाच्या त्वचेबाबत हे चूक आहे. त्याच्या डाव्या अलिंदात फक्त फुप्फुसांकडून आलेले रक्त उतरते. त्वचेतले रक्त अग्र महाशिरांतून शिराकोटरात आणि तिथून उजव्या अलिंदात जाते. बेडूक बराच वेळ पाण्याखाली दबून बसला की फुप्फुसांतला साठा सरत जातो आणि ताजा ऑक्सिजन येतो तो उजव्या बाजूने. 'उजवे म्हणजे अशुद्ध' हे आपले लाडके समीकरण तिथे कोसळते.

मिसळण्याचेही तसेच. निलयाची आतली भिंत स्पंजासारखी खाचाखाचांची असते आणि निलयातून निघणाऱ्या कोनस आर्टेरिओससमध्ये सर्पिल झडप असते. त्यामुळे दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. कोणत्या धमनीकमानीत कोणते रक्त जाते याची नेटकी वाटणी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्रुकेने १८५२ मध्ये मांडली होती. विसाव्या शतकातल्या क्ष-किरण चित्रांनी तिला बरीच मुरड घातली. वाटणी होते, पण ती ठरीव नसते. फुप्फुसात हवा असेल तेव्हा तिकडे रक्त जास्त जाते, नसेल तेव्हा ती वाट आवळली जाते. आपल्या चार कप्प्यांच्या हृदयाला ही सोय नाही. उजव्या निलयातून निघालेल्या रक्ताला फुप्फुसातून जावेच लागते, तिथे हवा असो वा नसो.

जन्मापूर्वी मात्र आपल्यालाही ही सोय होती, आणि वर्गात नेमके हेच सांगायला हवे. गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. ते रक्त महाशिरेतून उजव्याच अलिंदात येते, अलिंदांमधल्या छिद्रातून बरेचसे डावीकडे वळते आणि हवा नसलेल्या फुप्फुसांना वळसा घालते. गर्भाची वार आणि बेडकाची त्वचा रक्ताच्या वाटेवर एकाच जागी बसतात. गर्भाच्या अभिसरणाला कुणी अपूर्ण म्हणत नाही, मग बेडकालाच का?

श्वासाची तुलना तर याहून उपयोगी. बेडकाला श्वासपटल नाही आणि बरगड्यांचा पिंजराही नाही. तो तोंडाचा तळ खाली करून नाकपुड्यांतून हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तळ उचलून ती फुप्फुसात ढकलतो. आपण छाती फुगवून हवा ओढतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास बेडकासारखा चालतो, बाहेरून दाब देऊन. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या हाताने दाबल्या आणि रुग्ण जगवले. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना बेडूक कशाला शिकायचा, याला यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला सुचत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रोगचे १९०४ चे मापनही सांगावे: बेडूक ऑक्सिजन मुख्यतः फुप्फुसांतून घेतो, पण कार्बन डायऑक्साइड बहुतांशी त्वचेतून टाकतो. आणि हार्वेच्या अभिसरणात राहून गेलेला केशवाहिन्यांचा दुवा माल्पिगीला १६६१ मध्ये दिसला तो बेडकाच्याच फुप्फुसात.

आमच्या पिढीने मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून हे हृदय धडधडताना पाहिले. २०१४ मध्ये यूजीसीने प्राणिशास्त्रातून विच्छेदन हद्दपार केले, ते योग्यच झाले; भातखाचरातले बेडूक तरी वाचले. पण प्रत्यक्ष पाहणे गेल्यावर पुस्तकाचे वाक्य हेच एकमेव प्रमाण उरले. पुस्तकातला 'राना टायग्रिना' केव्हाच 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' झाला आहे, आणि २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमात तर बेडूक चक्क कीटक म्हणून छापला गेला. त्यावर हसून झाले; दुरुस्तीची सवय लागायची आहे.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच. परीक्षेत उत्तर पुस्तकाप्रमाणेच द्यायला सांगा. आपल्या हट्टापायी मुलांचे गुण जाऊ नयेत. पण फळ्यावर आकृती काढाल तेव्हा त्वचेपासून निघणारा बाण उजव्या अलिंदातच न्या, आणि तो तिथे का जातो हे सांगायला आणखी पाच मिनिटे काढा.