आपल्याच बॉम्बखाली



शौर्यकथा सांगायच्या म्हटल्या की नामदेव जाधव यांचे नाव आपण आवडीने घेतो. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे हे मराठा पलटणीतील शिपाई. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणले, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच दुपारची दुसरी गोष्ट मात्र आपण सांगत नाही. ती सांगितली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

हल्ल्याआधी दोस्तांच्या आठशेहून अधिक अवजड बॉम्बर विमानांनी जर्मन फळीवर बॉम्ब टाकले. चूक होऊ नये म्हणून जमिनीवर मोठी पांढरी अक्षरे मांडली होती. आकाशात तोफगोळ्यांच्या धुराची रेघ आखली होती. तरीही काही बॉम्ब त्याच आघाडीवरील पोलिश सैनिकांवर पडले. तीसहून अधिक जवान लढाईला तोंड लागण्यापूर्वीच गेले, तेही मित्राच्या हातून.

असे का होते? ही विमाने फार उंचावरून जात आणि थव्याने बॉम्ब टाकत. पुढच्याने टाकले की मागच्यांनी टाकायचे. एकाची चूक मग एकाची राहत नसे. फ्रान्समध्ये जुलै 1944 मध्ये अमेरिकन सेनापती ब्रॅडली यांनी विमाने आघाडीला समांतर यावीत असे सांगितले होते. ती आली आपल्याच सैनिकांच्या डोक्यावरून. खुणेचा धूर वाऱ्याने मागे सरकला. दोन दिवसांत शंभराहून अधिक अमेरिकन सैनिक मेले, त्यांत जनरल मॅक्नेअरही होते.

हे जुने झाले म्हणावे, तर 27 फेब्रुवारी 2019 आठवावा. त्या दिवशी बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-17 हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघडपणे सांगितले. त्याने दलाची मान खाली गेली असे आम्ही मानत नाही. उलट, कबुलीशिवाय सुधारणा तरी कशाची करणार?

येत्या 26 जानेवारीला आपल्या बऱ्हाणपूरच्या मंचावर एखाद्या विद्यार्थ्याने जाधवांसोबत त्या पोलिश जवानांचीही गोष्ट सांगावी. विश्वस्त मंडळाने त्यासाठी पाच मिनिटे जास्त द्यावीत.