निकालाआधी हजेरीपट वाचा

ग्रामीण मुलांना वाचता-मोजता येते का हे तपासणारा 'असर'चा अहवाल आला की ठरलेली चर्चा सुरू होते. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या आठवीच्या कितीतरी मुलांना भागाकार येत नाही. तेव्हा या शाळा नापास, त्या बंद करा किंवा खासगी हाती द्या. यातल्या पहिल्या भागाशी माझे भांडण नाही. आठवीपर्यंत आलेल्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नसेल, तर ते लपवून कोणाचेच भले होणार नाही. भांडण आहे ते त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी.

खासगी शाळांतली मुले पुढे, सरकारी शाळांतली मागे, म्हणून खासगी शाळा सरस, असे सांगितले जाते. दोन्हीकडे सारखीच मुले बसत असती तर हे अनुमान टिकले असते. ज्याला फी झेपते तो पोराला पिवळ्या बसमध्ये बसवतो. झेडपीच्या वर्गात बव्हंशी उरतात ती शेतमजुरांची, ऊसतोड्यांची, पालावरची मुले. शिवाय ज्या घरात भावासाठी फी भरली जाते, त्याच घरातली बहीण. निकालातला किती फरक घराचा आणि किती शाळेचा, हे वेगळे काढल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी ते वेगळे काढून पाहिले. सोडत काढून काही मुलांची खासगी शाळेची फी भरली आणि चार वर्षांनंतर, ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याशी ताडून पाहिले. 2015 साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा : तेलुगूत आणि गणितात फरक नाही, खासगी शाळेतली मुले पुढे गेली ती हिंदीत. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही त्यात आहे आणि ते मान्यच केले पाहिजे. पण ही बचत मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारातून येते. शिकवणे सरस असल्याचा तो पुरावा नव्हे.

आता बीडसारख्या ऊसतोडणीच्या जिल्ह्यातला सातवीचा हजेरीपट उघडा. दिवाळीपर्यंत रकाने भरलेले असतात. मग मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेला नवरा-बायकोचा 'कोयता' कारखान्याकडे निघतो आणि पटावर काही नावांपुढे गैरहजेरी सुरू होते, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. आजी धडधाकट असेल तर मूल मागे राहते, नाहीतर तेही जाते. बारा वर्षांची मुलगी असेल तर ती कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. दुसरे सत्र तिच्यापुरते भरतच नाही. परत येते तोवर पुस्तक शिकवून संपलेले असते आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. तिचे गुण शाळेच्या नावे लिहायचे आणि तिचे सहा महिने ज्या साखर धंद्यात गेले त्याच्या नावे काहीच लिहायचे नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

मात्र शाळेची बाजू घेणाऱ्यांचे एक म्हणणे तितकेच खोडून काढले पाहिजे. 'घरी कोण बघतंय यांच्याकडे? पोरंच तशी, आम्ही काय करणार?' शिक्षकांच्या खोलीत हे सर्रास ऐकू येते. घरच्या परिस्थितीचा भार फार मोठा असतो, हे 1966 च्या अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने दाखवले. पण सर्वांत वंचित मुलांवरच शाळेच्या दर्जाचा परिणाम अधिक होतो, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे चांगल्या शिक्षकाची खरी गरज याच वर्गाला.

ही मुले बुद्धीने कमी आहेत असेही नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती तोंडी बिनचूक करतात आणि तीच क्रिया वहीत मांडून दिली की अडतात. गणित डोक्यात आहे. ते कागदावर आणणे हे शाळेचे काम आहे आणि तिथेच शाळा कमी पडते. हा दोष शाळेने पत्करलाच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. शाळेचे माप जूनमध्ये मूल कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले यावरून काढा, आणि त्याशेजारी पटावर कोण आहे तेही लिहा. इयत्तेपेक्षा मुलाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची 'प्रथम' या संस्थेची पद्धत कामाची ठरली आहे. सहावी-सातवीत रोज एक तास तिला द्या. मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे ऊसतोड टोळ्या निघण्याआधी सुरू करा, निघून गेल्यावर नव्हे. शिक्षण हमी कार्ड घेऊन गेलेल्या मुलाला कारखान्याजवळच्या शाळेने वर्गात बसवून घेतले की नाही, याचा जाब अधिकाऱ्याला विचारा.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्रे व भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. शाळेतली शिक्षकपदे ठरवणाऱ्या 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने मात्र कमी पटाच्या शाळांतले हेच वर्ग अडचणीत आणले. गावातला सातवीचा वर्ग गेला तर मुलगा सायकलवर पुढच्या गावी जाईल. मुलीची शाळा बहुधा तिथेच सुटेल. त्याच वर्षी सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्याचा घाट सरकारने घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला, ते योग्यच झाले. गरिबांची शाळा वेगळी, ऐपतदारांची वेगळी, अशी वाटणी आधीच झालेली आहे; सरकारने तिच्यावर शिक्का मारू नये.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली आणि रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे सुनावले. कोपीवर भाकऱ्या थापणारी मुलगी आज त्याच वयाची आहे. पट पाहून तिच्याकडून अपेक्षा कमी करायच्या नाहीत. पट पाहून शिक्षक, वसतिगृह आणि शिकवण्याचा वेळ वाढवायचा. निकालाची चर्चा त्यानंतर करू.