जमीन वाचवली, आता खोल्या भरा



ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या शेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगच्या जागेसाठी पुण्यातला आपला समाज रस्त्यावर उतरला. २३० कोटींचा व्यवहार महिनाअखेर रद्द झाला. दिगंबर की श्वेतांबर असा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही, याचा मला अभिमान आहे. पण नंतर ग्रुपवर अभिनंदनाचे जे संदेश फिरले त्यांत मंदिर होतं, जमीन होती, जमिनीचा भाव होता. मुलं कुठेच नव्हती. अहो, बोर्डिंग बांधतात ते बाहेरगावच्या गरीब मुलांनी राहून शिकावं म्हणून. मुलांचं नाव न घेता बोर्डिंग वाचवलं, तर आपण नक्की काय वाचवलं?

लगेच कुणीतरी म्हणेल, "आता सरकार फी भरतं की!" भरतं, खरं आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना इंजिनीअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. निर्णय चांगलाच आहे. पण फी माफ झालेली मुलगी झोपणार कुठे आणि जेवणार काय?

मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर महिन्याला चार हजार धरा. मेसचे साडेतीन हजार. बसपास, वह्या, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज मिळून दीड हजार. झाले नऊ हजार. दहा महिन्यांचे नव्वद हजार, डिपॉझिट वेगळं. आता तालुक्याच्या गावी दुकानात वह्या लिहिणारा बाप धरा, पगार बारा हजार. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. मुलीला पुण्याला पाठवली, तर मागे राहिलेल्या घराने चोपन्न हजारांत वर्ष काढायचं. म्हणजे महिन्याला साडेचार हजार. ते घर काय ठरवेल, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. मुलगा असेल तर तो कुठेतरी कामाला लागतो. मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात होते.

आणि हे "त्यांचं" दुखणं आहे असं समजू नका. शिरोळ, हातकणंगले, जत या भागांत दोन-तीन एकरांवर घर चालवणारे जैन शेतकरी भरपूर आहेत. जैन म्हणजे पेढीवाला, असं बाहेरचे समजतात ते समजोत. आपण तरी समजू नये.

पण मदत फक्त आपल्याच मुलांना, हेही मला पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घरात जन्मले. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्या जयंतीला आपण "आमचे कर्मवीर" म्हणून फोटो टाकतो. त्यांना आपल्याच बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं होतं, हे त्या फोटोखाली लिहीत नाही.

पुण्यात उदाहरण शोधायला लांब जायला नको. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींना राहायला जागा आणि जेवण मिळतं, आणि मुलंही कामाला हात लावतात. त्यामागे कुणी राजा नव्हता. साध्या माणसांनी थोडं थोडं देऊन ते उभं केलं. मग ज्या समाजात बोलीचा आकडा ऐकून पाहुणे गार होतात, त्याला खोल्या भरणं जड का जावं?

दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण दरवर्षी चार दानं ऐकतो: आहार, औषध, ज्ञान, अभय. वसतिगृहात ही चारही एका छपराखाली होतात. मुलाला जेवण मिळतं, आजारपणात कुणी बघणारं असतं, शिक्षण होतं, आणि परक्या शहरात भीती राहत नाही. कळसाला दान देऊ नका असं मी म्हणत नाही. पण कळसावर नाव कोरलं जातं आणि मुलाच्या पाठीवर कोरता येत नाही, म्हणून ज्ञानदान मागे पडत असेल, तर तो त्याग नाही, जाहिरात आहे. राग आला तरी चालेल.

आता कामाचं बोलते. तुमच्या गावात, तुमच्या समाजाचं बोर्डिंग, धर्मशाळा किंवा ट्रस्ट असेलच. पुढच्या वार्षिक सभेला घरातल्या पुरुषांना एकटं पाठवू नका, स्वतः जा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्याकडे किती मुलं राहू शकतात आणि आज किती राहतात? त्यांत मुली किती? गेल्या वर्षी मुलांवर किती खर्च झाला आणि रंगरंगोटी, कार्यक्रम, सत्कारांवर किती? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर मागा. ताळेबंदात जागेची किंमत मांडलेली असते. रिकामी खोली त्यात दिसत नाही, ती विचारावीच लागते.

ज्यांच्याकडे ट्रस्ट नाही, त्यांनी चार मैत्रिणी मिळून एका मुलीची मेस उचलावी. साडेतीन हजारांचे चार भाग केले तर प्रत्येकीच्या वाट्याला पाऊणेनऊशे येतात. मुलगी जैन आहे का, हे विचारू नका. फक्त जेवायच्या वेळेला तिचं पोट भरतंय का, हे बघा.