दुकान स्वतःचे, वाट मक्तेदाराची

सोलापुरातील एखाद्या महिला बचत गटाने शेंगदाण्याची चटणी विकण्यासाठी संकेतस्थळ उघडले, असे समजू. छायाचित्रे लागली, भाव लिहिले गेले; पण महिना उलटला तरी गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही. मग कोणी सल्लागार सांगतो की, जाहिरात करा म्हणजे लोक येतील. गट पैसे भरतो, काही लोक येतात; पैसे थांबताच तेही थांबतात. दुकान गटाच्या मालकीचे, पण त्या दुकानाकडे येणारी वाट दुसऱ्याच्या मालकीची, अशी ही अवस्था आहे. म्हणूनच लहान उत्पादकाच्या संकेतस्थळाची प्रसिद्धी हा केवळ विक्रीकौशल्याचा प्रश्न नाही. तो मालकीचा प्रश्न आहे.

ही वाट प्रारंभी अशी नव्हती. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या शोधयंत्रामागील कल्पना लोकशाही वळणाची होती. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला की ते त्याला पडलेले मत समजावे, आणि ज्याच्या पदरी वजनदार मते अधिक, ते पान वर यावे. जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशाराही या दोघांनी त्याच वर्षीच्या आपल्या निबंधात दिला होता. दोनच वर्षांनी, २००० साली, त्यांच्याच कंपनीने शोधशब्दांनुसार जाहिराती विकण्यास आरंभ केला. भांडवलाचा तर्क व्यक्तीच्या सद्हेतूवर कशी मात करतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आज शोधाच्या प्रत्येक शब्दामागे लिलाव चालतो. बोली लावणारे व्यापारी असतात. पण कोणाची जाहिरात कितपत योग्य, हे लिलाव चालवणारी कंपनीच ठरवते, आणि तिचे सारे हिशेब बोली लावणाऱ्यास दिसत नाहीत. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही रीत अपरिचित नाही. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत त्याच्या पूर्वजांनी सोसली होती. माल शेतकऱ्याचा असे, पण रुमालाखाली काय ठरले ते त्यालाच कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी तो रुमाल दूर करून उघड लिलाव आणला. आजचा रुमाल यंत्राचा आहे, इतकाच फरक.

हा आरोप केवळ डाव्या विचारांच्या मंडळींचा आहे, असे कोणी समजू नये. वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या निकालात, गूगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निष्कर्ष काढला. फोन व ब्राउझर यांमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती. स्पर्धेचा धाक नसल्याने शोधजाहिरातींचे दर तिला वाढवता आले, हेही न्यायालयाने नमूद केले. भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल याच कंपनीला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. वाढीव दराचा हा बोजा अखेर चटणीच्या किमतीत, नाहीतर चटणी कुटणाऱ्या बाईच्या मजुरीत उतरतो.

संकेतस्थळ उघडण्यास खर्च फारसा येत नाही, म्हणजे येथे सर्वांना समान संधी आहे, असा युक्तिवाद केला जातो. दुकान मांडण्याची संधी समान झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दिसण्याची संधी विकत घ्यावी लागते, आणि जेथे ती विकत मिळते तेथे मोठी थैली असणाराच आधी दिसतो. त्यात २०२४ पासून शोधयंत्र कित्येक प्रश्नांची उत्तरे यंत्रानेच रचून वरच देऊ लागले आहे. इतरांच्या पानांवरील मजकुरातून उत्तर तयार होते, आणि वाचकाला त्या पानांपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम संघटनेचे आहे. गटाचा पत्ता पाकिटावर, पावतीवर आणि बाजारातील फलकावर ठळक छापावा. माल कसा बनतो, किती दिवस टिकतो, कसा पाठवला जातो, हे स्वच्छ मराठीत लिहावे. कारण गिऱ्हाईक तेच विचारीत असते. एकदा आलेल्या गिऱ्हाइकाशी, त्याच्या संमतीने, थेट संबंध ठेवावा. त्यासाठी दलालाला पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत. सहकारी संस्था, ग्राहक संघटना व कामगार संघटना यांनी एकमेकांच्या चांगल्या मालाचे दुवे प्रामाणिकपणे द्यावेत. ते मत आजही मोजले जाते. विकतचे दुवे आणि खोटी प्रशस्तिपत्रे मात्र निषिद्ध मानावीत. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि उघडकीस आल्यावर पदरी असलेले स्थानही जाते.

दुसरे काम राजकीय आहे. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून अशा बलाढ्य कंपन्यांना निकालांच्या क्रमवारीत स्वतःच्या सेवा पुढे ढकलण्यास मनाई केली. भारतातील लहान उत्पादकालाही तितके संरक्षण मिळाले पाहिजे. क्रमवारीची मुख्य तत्त्वे जाहीर असावीत, जाहिरात जाहिरात म्हणूनच ओळखता यावी, आणि ज्याचे पान अकस्मात खाली फेकले गेले त्याला दाद मागण्याची जागा असावी. बाजार समित्यांचा कायदा झाल्यावरही अनेक ठिकाणी त्या समित्या व्यापाऱ्यांच्याच हाती गेल्या, हा धडा विसरता येणार नाही. कायद्याने रुमाल उचलता येतो. तो पुन्हा अंथरला जाऊ नये यासाठी जागरूक संघटनेचाच पहारा लागतो.